दहा ते चार

जतला बदली झाली तेव्हा
पाचगणीहून हायड्रेंजियाच्या दोन काड्या आणल्या होत्या
ओल्या गोणपाटात, मांडीवर,
सातारा, मग सांगली, मग तिसरी एसटी.
एकीनं कवठेमहांकाळलाच मान टाकली.
दुसरी पाडव्यापर्यंत राहिली,
माझ्या भिडेखातर असावी.

पुढच्या उन्हाळ्यात जरा शहाणी होऊन
विजापूर रस्त्याला दस्तगीर शिकलगारांच्या नर्सरीत गेले.
हिरव्या जाळीखाली पेटुनिया होता,
जांभळा, पांढऱ्या काठाचा, इरकलीसारखा.
हा द्या, म्हटलं.
"न्हाय द्यायचा.
पंधरा दिवसांत जाईल, आन् शिव्या मला बसतील."

मग त्यांनीच चौकशी मांडली,
स्थळ बघायला आल्यासारखी.
दार कुठल्या तोंडाला? पश्चिमेला.
भिंत? सिमेंटची, रात्री अकरापर्यंत तापलेली.
पाणी? टँकरचं. झाडांच्या वाटणीला दिवसाची एक बादली,
तीही धुण्यातून उरलेली.
"आन् तुम्ही घरात कवा असता?"
झाडासाठी हे कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.
ग्रामीण रुग्णालयात आहे, म्हटलं. रात्रपाळी.
दिवसा झोपते.

एकेक पिशवी पुढं सरकवत गेले.
सदाफुली: "हिला तुम्ही विसराल, ती न्हाय विसरायची."
गलांडा, लाल, टोकांना पिवळा,
आधीच भाजून निघालेला.
मखमलीची बटणं.
आणि खास माझ्यासाठी गुलबक्षी,
"पाचला उमलती. चहाला सोबत हुईल."
चिनी गुलाबाचा ट्रे मात्र पायानंच मागं लोटला.
"ह्यो दहाला उघडतो, चारला मिटतो.
हापिसातल्या माणसासारखा. तुम्हाला दिसायचाच न्हाय."

मी आधी तोच उचलला.
का, ते तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

एप्रिलात वॉर्डात उन्हानं पडलेली माणसं यायला लागली.
विहिरीवरचा एक मोटर-मेकॅनिक.
बेदाण्याच्या शेडवरची एक मुलगी,
नाव विचारलं तर तीनदा आईचंच सांगितलं,
बोटांना अजून गंधकाचा वास.
ओल्या चादरी, पंखा, थेंब मोजणं.
सकाळी घरी येऊन
गुलबक्षीच्या काठीला सलाईनची रिकामी बाटली टांगली,
पाण्यानं भरून,
मिनिटाला आठ थेंब.
हात तेवढंच जाणतो.

चिनी गुलाब मी येते तेव्हा मिटलेले.
उठते तेव्हा पुन्हा मिटलेले, पिळलेल्या वातींसारखे.
रंग कुठले, तेसुद्धा माहीत नव्हतं.
बिराजदारवहिनी भिंतीवरून सांगायच्या,
"काय भडका उठतो गं तुझ्या पायरीला दुपारचा!"
मी हो हो म्हणायचे,
न गेलेल्या लग्नाचं जेवण ऐकावं तसं.

मे महिन्यात एकदा दोनच्या सुमाराला लाईट गेली.
पंखा थांबला तशी जाग आली.
कडी काढताना बोटं चटकली.
रस्त्यावर कुत्रं नाही,
समोरची पानटपरी पोत्याआड,
डांबर मऊ.
आणि पायरीशी
शेंदरी, राणी, पिवळे,
पांढऱ्यात कुठं एक लाल शिंतोडा,
सगळे तोंड वर करून सरळ उन्हाकडे बघत.
दोन मधमाश्या ड्युटीवर.

पायात चप्पल नव्हती.
तळव्यांनी जेवढं सोसलं तेवढा वेळ उभी राहिले,
मग एक पाय उचलून आणखी थोडा.

नर्सरीवरून जाताना सांगितलं, चाचा, दिसले.
त्यांनी झारी खाली ठेवली नाही.
"मग बी धरा," म्हणाले,
"टोपी सुटायच्या आत बोंडं काढा, सकाळीच.
पुढच्या साली माझ्याकडनं इकत घेऊ नका."